चिंचेच्या पाण्यातला शंख

रविवार, १९ जानेवारी २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. वेळ नेमकी सांगता येते, कारण संपमधले, म्हणजे जमिनीखालच्या हौदातले, पाणी वरच्या टाकीत चढवणारी मोटर मी रोज सातला लावतो आणि दहा मिनिटांनी बंद करतो. कळ खाली केली आणि स्वयंपाकघरातून नातीची हाक आली.

"आजोबा, इकडे या. पण रागावू नका."

या घरात मला बहुधा अशीच हाक येते.

ती तेरा वर्षांची आहे. ओट्यापाशी उभी होती. समोर स्टीलचे मोठे पातेले, त्यात चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडालेली देवांची पितळी भांडी: ताम्हन, समई, घंटा, निरांजने, शंखाची अडणी. तिच्या डाव्या हातात पूजेचा शंख होता, ओला, चिंचेच्या चोथ्याने माखलेला. उजव्या तळहातावर शंखाच्या निमुळत्या टोकाला बसवलेली चांदीची पट्टी होती.

"मी नाही तोडली. नुसता बाहेर काढला, तर ही निघून हातात आली."

"तू तोडलेली नाहीस. पट्टीखालची लाख सुटली आहे."

"आणि हे बघा."

तिने शंख खिडकीच्या उजेडात धरला. पाठीवरच्या खोबणीत बारीक बुडबुडे होते, मोहरीहूनही लहान. एक फुटे, त्या जागी दुसरा येई. मी चष्मा आणायला गेलो. आणून पाहिले. बुडबुडे तसेच येत होते.

"आजोबा, हा विरघळतोय."

मी शंख नळाखाली धरला, चोथा धुतला आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात माझी सारी नोकरी पत्रा आम्लात बुडवण्याच्या विभागात गेली. गंजलेला पत्रा हौदात उतरवायचा, गंज गेला की वर काढायचा. वेळेवर काढला तर पत्रा स्वच्छ निघतो. राहिला तर आम्ल गंजापाशी थांबत नाही, पत्रा खाऊ लागते. तशा पत्र्यावर अंगठ्याला एक खरखर लागते. डोळ्यांना ती फार उशिरा दिसते. शंखाच्या पाठीला तीच खरखर होती.

मग पट्टीखालची जागा पाहिली. तिथे लाख होती तेवढे कडे गुळगुळीत आणि चकचकीत राहिले होते, दुधावरच्या सायीच्या रंगाचे. त्याच्या दोन्ही बाजूंना शंख खडूसारखा पांढरा आणि किंचित खाली गेलेला. कारखान्यात आम्ही एखाद्या तुकड्यावर मेणाचा पट्टा देऊन तो हौदात सोडत असू. मेण काढले की आम्लाने किती खाल्ले ते कळे. इथे ते काम लाखेने केले होते. कोणी सांगितले नसताना.

हा शंख मी रोज हाताळतो. पत्नी जाऊन दोन वर्षे होत आली. पूजा ती करत असे, आता मी करतो. श्रद्धेने करतो असे म्हणणार नाही. सकाळी शंखात पाणी भरतो, देवांवर घालतो, शंख पुसून अडणीवर ठेवतो. तरी मला काही कळले नव्हते. हळूहळू होणारा बदल रोज हाताळणाऱ्याला कळत नाही. म्हणून तर कारखान्यात मूळ नमुना कपाटात वेगळा ठेवलेला असे.

नात म्हणाली, "माझं प्रोजेक्ट झालं."

तिच्या शाळेत सोमवारी विज्ञान प्रदर्शन होते. तिचा विषय समुद्राचे आम्लीकरण. बाईंनी सांगितले होते की प्रयोग करा आणि विषयाशी जोडलेली घरातली एक वस्तू आणा. म्हणून ती सकाळी शंख घ्यायला आली होती, केवळ मांडायला. प्रयोग अंड्याचा करायचा होता, टरफल व्हिनेगरमध्ये टाकायचे.

"सगळा वर्ग अंडंच आणतोय. सगळ्यांचं अंडं, सगळ्यांचा फेस. बाई म्हणाल्या, प्रदर्शन आहे का ऑम्लेटची गाडी. यातून एकच प्रोजेक्ट पुढे जाणार. आजोबा, हे बघा ना, इथे सगळंच आहे. खाल्लेलं पण आणि न खाल्लेलं पण. एकाच शंखावर."

तिचे म्हणणे बरोबर होते. नमुना उत्तम होता.

"हा शाळेत जाणार नाही," मी म्हणालो.

"का?"

मी पातेल्याकडे बोट केले. "हे कोण भिजवते?"

"बाबा."

हे तिचा बाप करतो. दर शनिवारी संध्याकाळी तो चिंच कोळतो, देवांची भांडी पातेल्यात घालतो आणि रविवारी सकाळी घासतो. त्याची आई असेच करत असे. ती गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी त्याने कोणालाही न विचारता पातेले काढले आणि तेव्हापासून एकही शनिवार चुकवलेला नाही. एरवी तो देवासमोर उभा राहत नाही. संगणकावर काम करतो, जेवतानाही फोनवर असतो. पण त्या वेळी फोन बाजूला असतो. आईचे म्हणून त्याच्याकडे हे एवढेच काम उरले आहे.

चूक कुठे झाली, तेही मला त्या क्षणी कळले. पत्नी शंखाची अडणी पातेल्यात घालत असे. अडणी पितळेची. शंख ती कधीच घालत नसे. तो नंतर साध्या पाण्याने धुऊन खिडकीत फडक्यावर एकटा सुकत ठेवलेला मी पाहिला आहे. तो वेगळा का, हे मी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते. मुलाने लहानपणी अडणी पाण्यात जाताना पाहिली असणार. अडणी गेली म्हणजे शंखही गेला, असे त्याने धरले.

हा शंख तिच्या माहेरचा, मालवणकडचा. लग्नात आईने दिलेला. पट्टी तिथल्याच सोनाराने बसवलेली.

"बाबाला माहीत नाही?" नातीने विचारले.

"नाही."

"मग सांगू या."

"सांगायचे नाही."

"कधीच?"

शंख पुसला, पट्टी त्यात ठेवली आणि माझ्या कपाटात धोतरांच्या मागे ठेवून दिला. ती दारात उभी राहून पाहत होती.

"आणि माझं प्रोजेक्ट?"

"तुला शिंपले आणून देतो. अंड्यापेक्षा बरे."

"प्रॉमिस करायला लावताय मला?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. या वयाची मुले असे 'बरं' म्हणतात तेव्हा त्याचे वजन समोरच्यावर पडते.

मुलगा तळ्याभोवती धावून साडेआठला परतला. सोबत इडली-वड्याचे पुडके. सून त्या आठवड्यात बेळगावला माहेरी होती, म्हणून नाश्ता बाहेरचा. वडा सांबारात बुडवत तो म्हणाला, "काय अण्णा, आज घरात इतकी शांतता? दोघांचं भांडण झालंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"झालंय," नात म्हणाली.

"कोण जिंकलं?"

"आजोबाच. त्यांना कोण हरवतं?"

खाऊन झाल्यावर तो भांडी घासायला बसला. पातेल्यात हात घालून एकेक वस्तू काढत होता. समईच्या दांड्यावरच्या नक्षीत तो दातांचा जुना ब्रश फिरवतो, आई फिरवत असे तसा. शेवटी पातेल्याच्या तळाशी चाचपू लागला.

"शंख?"

"मी काढून ठेवला आहे."

"धुतला?"

"धुतला."

"मग ठीक," तो म्हणाला आणि अडणी घासू लागला. नात माझ्याकडे पाहत होती. मी वर्तमानपत्र उघडले.

दहाच्या सुमारास मी आणि नात आठव्या क्रॉसवर, म्हणजे बाजाराच्या आडव्या रस्त्यावर गेलो. जानेवारीचे ऊन कोवळे असते, तरी चढावर मला दोनदा थांबावे लागले. आम्लाच्या वाफेत नोकरी केलेल्या माणसाची छाती सत्तरीनंतर हिशेब मागते. मी थांबलो की नात पुढे जाऊन फुलांच्या टोपल्या पाहत राही, म्हणजे ती माझ्यासाठी थांबली असे दिसू नये.

पूजासामानाच्या दुकानात कवड्या मिळतात. दुकानदार ओळखीचा. बोलणे कन्नडमध्ये झाले.

"कवड्या हव्यात," नातीने सांगितले.

"लक्ष्मीपूजेला का पुट्टी? आत्ता कुठली पूजा? संक्रांत तर झाली." पुट्टी म्हणजे छोटी. तिला ते आवडत नाही.

"अ‍ॅसिडमध्ये टाकायला."

त्याचा डब्यातला हात तिथेच थांबला. "सार, ही काय म्हणते?"

"शाळेचे काम आहे."

"अहो, लक्ष्मी आहे ती. असं सांगून मागतात का? नुसतं कवड्या म्हणायचं. मी दिल्या असत्या, तुम्ही घरी जाऊन काय हवं ते केलं असतं. आता मला माहीत झालं ना." त्याने डबा मिटला. मग खाली वाकून दुसरा काढला. "या स्वल्प फुटक्या आहेत. देवाला चालत नाहीत. तुझ्या अ‍ॅसिडला चालतील. सरी?" सरी म्हणजे ठीक.

"सरी," नात म्हणाली.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून सोड्याची बाटली घेतली. ती कल्पना तिची. सोडा म्हणजे पाण्यात कोंबलेला कार्बन डायऑक्साइड. समुद्रात तोच वायू जातो. मग व्हिनेगर कशाला, असे तिने मला विचारले. हे मला सुचायला हवे होते.

घरी तिने तीन काचेचे ग्लास मांडले. एकात मिठाचे पाणी, एकात सोडा, एकात चिंचेचे पाणी. प्रत्येकात एक कवडी. शाळेतून तिला रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळाल्या होत्या. पाण्यात बुडवायच्या आणि पुठ्ठ्यावरच्या रंगांशी ताडायच्या. चिंचेत पट्टी लालसर झाली, सोड्यात पिवळट नारिंगी, मिठाच्या पाण्यात हिरवी.

"मिठाचे पाणी म्हणजे समुद्र नव्हे," मी म्हणालो.

"माहीत आहे. समुद्राचं पाणी निळसर हिरवं दाखवतं. न्यूट्रल म्हणजे सात, ते आठच्या वर असतं."

"म्हणजे समुद्र अल्कधर्मी आहे. मग आम्लीकरण कसले? शब्दच चुकीचा आहे."

ती या प्रश्नाची वाट पाहत असावी. "आजोबा, तुमचा ताप एकशे तीनवरून एकशे एकवर आला तर काय म्हणता? उतरला. गार झालात असं नाही ना म्हणत?"

"उतरतो आहे असे म्हणतो."

"तसंच. समुद्र आंबट झाला नाहीये, होणारही नाही. पण त्या बाजूला चाललाय. आपण जो धूर सोडतो त्यातला बराच समुद्र पितो. पाण्यात गेला की त्याचं आम्ल होतं, अगदी हलकं. पण शिंपल्याला कवच करायला पाण्यातून जे लागतं ना, कार्बोनेट, ते या आम्लाशी जोडलं जातं. मग त्या जिवाला कमी पडतं. मोठा शंख लगेच विरघळत नाही. लहान पिल्लांना कवच बांधायलाच जड जातं. तिथून सुरू होतं."

हौदाच्या काठावर माझी सारी नोकरी झाली. आम्ल खाते, हे मला ठाऊक होते. न खाताही ते बांधू देत नाही, हे मला तेरा वर्षांच्या मुलीने सांगितले. मी तिला तो भाग पुन्हा सांगायला लावला. तिने सांगितला, दुसऱ्या वेळी अधिक नीट.

जेवणानंतर मी पान लावायला बसलो. ती शेजारी आली.

"चुना कशाचा असतो?"

"इथे दगडाचा. तुझ्या आजीच्या गावी शिंपले भाजून करत."

"म्हणजे शिंपलाच?"

"शिंपलाच."

तिने डबीतला चुना पाण्यात कालवून पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली. ती पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिली.

दुपारी तिने ग्लास तपासले. चिंचेतल्या कवडीवर बुडबुडे होते, पण गढूळ पाण्यात ते दिसण्यासाठी नाक काचेला लावावे लागत होते. सोड्यात बुडबुडेच बुडबुडे, आणि त्यात कवडीचे कोणते व सोड्याचे कोणते हे कोणालाही सांगता येणार नव्हते. मिठाच्या पाण्यात काहीच नव्हते. तिने कवड्या काढून पुसल्या. चिंचेतली थोडी निस्तेज वाटली. सोड्यातली निस्तेज आहे की आपल्याला तशी हवी आहे, हे ठरेना.

"काही होतच नाहीये," ती म्हणाली.

"होत आहे. दिसत नाही."

"न दिसणारं मी उद्या कसं दाखवू?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कपाटात होते. तिलाही ते ठाऊक होते. तिने ते उच्चारले नाही. ग्लास पुन्हा भरले आणि खोलीत जाऊन दार लोटले. मी आडवा झालो, पण डोळा लागला नाही.

पाचला मुलगा चहा करत असता ती तक्ता घेऊन बाहेर आली. "बाबा, ऐक. उद्या असं बोलणार आहे."

तो चहाचा पेला घेऊन बसला. तिने तक्ता भिंतीला टेकवला आणि बोलू लागली. मला दुपारी जे सांगितले तेच सारे होते, पण आवाज रेल्वे स्थानकावरच्या सूचनेसारखा. मध्ये एकदा वाक्य तोडून ती माझ्याकडे पाहून थांबली. मी तक्त्याकडे पाहिले. ती पुढे गेली.

"छान आहे," मुलगा शेवटी म्हणाला. "पण थोडं झोप आणणारं आहे, नाही का? आणि बेंगळुरूच्या माणसाला वाटेल, समुद्र कुठे, आपण कुठे. आपला काय संबंध? काहीतरी जवळचं सांग ना."

"जवळचं नाहीये माझ्याकडे."

"मग निदान त्या कवडीवर व्हिनेगर ओत. फस्सकन फेस येईल. लोकांना ते आवडतं."

"समुद्र व्हिनेगर नाहीये, बाबा. ते खोटं होईल."

"अगं, नुसतं दाखवायला."

"दाखवायलाच खोटं असतं ना."

तो हसला. "अगदी अण्णांची नात आहेस."

ती हसली नाही. तक्त्याची गुंडाळी करू लागली. कागद वाकडा गुंडाळला जात होता, तिने तो पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. सकाळी दिलेला शब्द ती पाळत होती. स्वतःचे काम बिघडवून पाळत होती. माझ्यासाठी तेवढे पुरेसे होते. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी सकाळी मी बाजूला सारली होती. पुढच्या शनिवारी तो पुन्हा पातेले काढणार होता. शंख धोतरांच्या मागे किती काळ ठेवणार?

मी उठलो आणि कपाटातून शंख आणला. चहाच्या पेल्याशेजारी ठेवला. पट्टी त्याच्या बाजूला.

"पट्टी निघाली?" त्याने शंख उचलला. "चिकटवून आणतो मी. तेवढ्यासाठी लपवलात होय?"

"अंगठा फिरव. आधी पाठीवरून, मग पट्टीच्या जागेवरून."

त्याने फिरवला. पुन्हा फिरवला. मग शंख डोळ्यांजवळ नेला.

"हे काय आहे?"

"चिंच."

चहावर साय धरू लागली होती.

"पण आई तर..."

"अडणी घालत असे. शंख नाही. तो ती साध्या पाण्याने धुवायची."

"म्हणजे दोन वर्षं मी..."

"दर शनिवारी थोडा थोडा."

"अण्णा, तुम्ही रोज हातात धरता हा. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही. आज सकाळी कळले. हिने बुडबुडे पाहिले."

त्याने मुलीकडे पाहिले. "तुला सकाळपासून माहीत आहे?"

"आजोबांनी सांगू नको म्हटलं."

"का?" हे त्याने मला विचारले.

"तू पुन्हा पातेले काढले नसतेस म्हणून."

हे वाक्य मला अधिक चांगले करता आले असते. पण तो समजला असावा. तो शंख घेऊन बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते. नात हळूच म्हणाली, "तुम्ही जा ना त्याच्याकडे." मी गेलो नाही. माणसाला असे उभे राहू द्यावे लागते.

आत आला तेव्हा त्याचे नाक लाल होते. शंख त्याने मुलीच्या हातात दिला.

"हे तुझं जवळचं. ने."

"खरंच?"

"पाडू नकोस एवढंच. आणि पट्टी वेगळीच ने, म्हणजे आतलं कडं दिसेल."

मग तिचा आवाज बदलला. तिने तक्ता पुन्हा उघडला, त्यावर शंखासाठी जागा आखली, बापाला कात्री धरायला बसवले. तासाभराने ती मला शंखाखाली लावायची चिठ्ठी दाखवायला आली. शाळेसाठी इंग्रजीत लिहिली होती. अर्थ असा होता: माझ्या बाबांनी हा शंख दोन वर्षे दर शनिवारी चिंचेच्या पाण्यात ठेवला, त्यामुळे तो असा झाला.

"'बाबांनी' हा शब्द काढ," मी म्हणालो.

"पण खरं आहे ते. खोटं लिहायचं नाही म्हणता ना तुम्ही?"

"कारखान्यात बिघडलेल्या मालाला चिठ्ठी बांधत. त्यावर काय बिघडले आणि कशाने बिघडले, एवढेच लिहायचे. कोणी, हे लिहायचे नाही."

"का पण?"

"नाव लिहिले की पुढच्या वेळी माणूस माल लपवतो. मग कशाने बिघडले तेही कळत नाही."

तिने यावर विचार केला. मुलगा कात्री घेऊन ऐकत होता. तो म्हणाला, "लिहू दे, अण्णा. मला चालेल."

"तुला चालेल. चिठ्ठीला चालणार नाही."

"ऐकलंस ना?" तो मुलीला म्हणाला. "या माणसाबरोबर मी वाढलो. तुला एका दिवसात कंटाळा आला."

तिने नवी चिठ्ठी लिहिली. घरातील पूजेचा शंख. भांडी उजळण्यासाठी वापरलेल्या चिंचेच्या पाण्याने दोन वर्षांत झिजलेला. पट्टीखालचा भाग मूळचा. त्याखाली माझ्या आग्रहावरून आणखी एक ओळ घातली: समुद्राचे पाणी चिंचेइतके किंवा सोड्याइतके आंबट नसते, तिथे हे फार हळू आणि वेगळ्या रीतीने घडते. ती म्हणाली, या ओळीने मजा जाते. मी म्हणालो, जाऊ दे. ओळ राहिली.

शंख तिने आजीच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि संक्रांतीच्या एळ्ळूचा, म्हणजे तीळ-गूळ-खोबऱ्याच्या मिश्रणाचा, स्टीलचा डबा रिकामा करून त्यात ठेवला. उरलेले एळ्ळू तिघांनी उभ्या उभ्या खाल्ले.

"शंख परत आला की कसा धुवायचा?" मुलाने विचारले.

"साध्या पाण्याने. फडक्यावर सुकवायचा."

"कुठल्या फडक्यावर?"

मला ते ठाऊक नव्हते. "कुठल्याही," मी म्हणालो.

"शनिवारी दाखवा मला," तो म्हणाला. मग त्याचा फोन वाजला आणि तो आत गेला.

ओट्यावर पातेले सकाळपासून तसेच होते. भांडी निघाली होती, पाणी उरले होते, त्यात हिरवट छटा आली होती. वापरलेले आम्ल आम्ही कारखान्यात तसेच गटारात सोडत नसू. आधी चुना घालून त्याचा आंबटपणा मारत असू. चिंचेच्या एवढ्याशा पाण्याला त्याची गरज नसते, हे मला समजते. पानाच्या डबीतला चुना मी त्यात कालवला आणि नातीची एक पट्टी बुडवली. पिवळी आली. आणखी थोडा चुना घातला, ढवळले, दुसरी पट्टी बुडवली. ती हिरवी झाली, मिठाच्या पाण्यातल्यासारखी. मग पाणी मोरीत ओतले, पातेले धुतले आणि पालथे घातले.